सोसायटीसमोरची झेडपीची शाळा: आत जाऊन नेमकं काय बघायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी. हिंजवडीच्या पुढे, मुळशी तालुक्याच्या हद्दीत आमची सोसायटी आहे. गेटबाहेर पडून ओढ्यावरचा पूल ओलांडला की जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी. लेक ऑगस्टमध्ये सहा पूर्ण करेल, म्हणजे ३१ डिसेंबरच्या नियमात बसते. जूनमध्ये पहिली.

आत्ता ती ज्या बालवाडीत जाते त्यांच्याच इंग्रजी शाळेत पुढे जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. फी वर्षाला ८५ हजार, व्हॅनचे वेगळे, आणि सकाळच्या ट्रॅफिकमध्ये जायला पाऊण तास. परवा जेवताना नवऱ्याने सहज विचारलं, "समोरच्या शाळेत काय वाईट आहे गं?" मला उत्तरच देता येईना. तीन वर्षं इथे राहतोय, पण त्या फाटकाच्या आत मी एकदाही गेलेले नाही.

मी स्वतः सातवीपर्यंत झेडपीतच शिकले, सांगली जिल्ह्यात. त्यामुळे नाक मुरडायचा प्रश्न नाही. सासूबाईंचं मात्र म्हणणं, "एवढं शिकून पुण्याला आलात ते पोरीला परत झेडपीत घालायला?" सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर दोघींनी हसऱ्या स्मायली टाकल्या, एकीने "इमारत छान रंगवलीये" म्हणून सांगितलं. एवढीच माहिती जमली.

तर आत जाऊन काय बघू? कुणाला काय विचारू? ज्यांची मुलं खरंच तिथे शिकताहेत किंवा ज्यांनी तिथे शिकवलंय त्यांचं आधी ऐकायला आवडेल.

एकशे_एक

विचारायचं काय त्यात? आमच्या गावच्या शाळेत पोरगं चौथीत गेलं तरी पाटीवर नाव धड लिहीत नव्हतं. गुरुजी पंधरवड्यातून तीनदा मीटिंगला. तत्त्वं आपल्यावर आजमावा, पोरीवर नको.

शेवगा

एकशे_एक, तुमच्या गावची एक शाळा म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळा नव्हेत. आणि आमच्या इथल्या बत्तीस हजार फीवाल्या 'इंटरनॅशनल'मधलं तिसरीचं पोरगं इंग्रजी धडा घडाघडा म्हणून दाखवतं. मधलं एखादं वाक्य बोट ठेवून वाच म्हटलं की गप्प. पाठ आहे ते सगळं.

गोदाकाठ

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न, नाशकात.

निवृत्त_बाई

रानजाई, ३४ वर्षं प्राथमिकला काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. जरा लांबण लागेल.

रंग बघू नका. रंगाला ग्रामपंचायतीकडून वित्त आयोगाचे पैसे मिळतात, तुमच्या भागात तर कंपन्यांचा सीएसआरही असतो. भिंतीवर बोलकी झाडं, जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे, हे आठवड्यात होतं. साताऱ्याच्या कुमठे बीटचं काम राज्यभर गाजलं तेव्हा बसगाड्या भरभरून शिक्षक बघायला गेले. आम्हीही गेलो. तिथे खरं काम होतं ते मूल स्वतःच्या हाताने कसं शिकतंय यावर. परत येऊन पुष्कळांनी फरशीवर तक्ते रंगवून घेतले आणि त्यावर सतरंजी अंथरून पूर्वीसारखंच शिकवलं. (माझ्या शाळेतही वर्षभर सतरंजी होतीच, खोटं का बोलू.)

दुसरीच्या वर्गात बसा. पहिलीत नको, तिथली मुलं अजून घरच्या पुण्याईवर असतात. चौथी-पाचवीतली हुशार मुलं तर पाहुण्यांसमोर उभी करायला तयारच ठेवलेली असतात. दुसरीतलं मूल म्हणजे या शाळेने दीड-दोन वर्षांत स्वतः काय केलं त्याचा हिशोब. बाईंना म्हणा, मागे बसणाऱ्या दोघांना माझ्याशी बोलू द्या. पुस्तकातला न शिकवलेला धडा उघडा. 'असर' ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणारे खेड्यापाड्यांत फिरतात तेव्हा हेच करतात: आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी. तुम्हाला मुलाची परीक्षा घ्यायची नाहीये. ते अडलं की बाई काय करतात, एवढंच बघा. पुढचा शब्द स्वतः सांगून टाकतात की थांबतात?

दुसरं, शिक्षक मोजा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. मंजूर किती आणि हजर किती, हे वेगवेगळे आकडे असतात. दोन्ही विचारा. पाच वर्ग आणि तीन शिक्षक म्हणजे बहुवर्ग. एका खोलीत दोन इयत्ता. बहुवर्ग वाईटच असतो असं नाही, चांगल्या शिक्षकाच्या हातात तो फार सुंदर चालतो. पण त्यातला एकजण बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेला की पाच वर्गांना दोघंच उरतात. 'आम्हाला शिकवू द्या' हे फलक आम्ही हौसेने धरले नव्हते.

तिसरं कुणी सांगत नाही ते. पहिलीला कोण शिकवणार आणि त्यांची बदली कधी पात्र होते? झेडपीत शाळा दत्तक घेता येते, शिक्षक नाही. चांगल्या बाई मे महिन्यात ऑनलाइन बदलीत गेल्या की जूनमध्ये तुमच्यासमोर दुसरीच शाळा उभी असते.

वाबळेवाडी, परितेवाडी, जालिंदरनगर ही नावं आता येतीलच इथे. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, जालिंदरनगरच्या शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत जगभरातल्या लोकांची मतं मिळाली. अभिमान आहेच. पण त्या शाळा तुमच्या ओढ्यापलीकडे नाहीत.

शेवगा

बाई, दंडवत. हे छापून ठेवायला हवं.

एकशे_एक

बाईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण धोरणांचं काय? २०२५ मध्ये १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्ती, २९ जूनला सगळं मागे. त्याआधी पुस्तकांत वहीची कोरी पानं घातली, दोन वर्षांत काढली. गणवेश एका वर्षी बचत गटाने शिवायचा, पुढच्या वर्षी पुन्हा शाळा समितीने. या गोंधळात पोर टाकायचं?

गोदाकाठ

अहो, हिंदीचा निर्णय राज्य मंडळाच्या खासगी मराठी-इंग्रजी शाळांनाही होता की. तो गोंधळ फी भरून चुकत नाही. गणवेशाचं मान्य. आमच्या शेजारच्या शाळेत एका पोराला शर्ट आला तो वडलांना बसला.

वरळीकर_जुना

मुंबईचं सांगतो. महापालिकेच्या शाळांना २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' हे नाव लागलं, त्यातल्या सीबीएसईच्या शाळांत प्रवेशाला सोडत काढावी लागते. दप्तर, बूट, छत्री धरून २७ वस्तू फुकट. पण त्याच पालिकेची मराठी माध्यमाची शाळा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर रिकामी होत चालली आहे. तेव्हा 'सरकारी शाळा सुधारली' म्हणताना कोणत्या माध्यमाची ते विचारायचं. तुमच्याकडे सेमी आहे का?

रानजाई

हो, सेमी आहे म्हणे. गणित इंग्रजीतून. बाई, फार आभार. उद्याच फोन करते.

अटलांटिकपार

इथे न्यू जर्सीत घर घेतानाच शाळा ठरते, पत्ता बदलला की शाळा बदलली. सगळे देशी लोक ग्रेटस्कूल्स या वेबसाइटवरचे शाळेचे दहापैकी गुण बघून घर घेतात आणि त्या गुणांमुळे घराच्या किमती वाढतात. आम्ही आठ गुणवाली सोडून पाच गुणवाल्या शाळेजवळ राहिलो, पैसे नव्हते म्हणून. नंतर कळलं की ते गुण बरेचसे पालकांच्या मिळकतीचेच असतात. शिक्षिका उत्तम निघाली. तुम्हाला गुणांची पाटी नाही हे एका अर्थी बरंच आहे, आत जावंच लागतं.

चाकाचा_माणूस

ताई मी पण त्याच पट्ट्यातला, तुमची शाळा कुठली ते विचारत नाही. आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. कंपनीची कॅब चालवतो. दोन्ही पोरं झेडपीत, मोठी आता हायस्कूलला.

समितीत कायद्याने ७५ टक्के पालक लागतात आणि निम्म्या बाया. बऱ्याच ठिकाणी नावं कागदावर, सह्या घरी जाऊन घेतात. तुम्ही मागच्या तीन मिटिंगचं इतिवृत्त मागा. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या आणि विषय 'मागील इतिवृत्त वाचून कायम करणे' एवढाच असेल तर समजून जा.

खिचडी खाऊन बघा. पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलाय. डाळ किती घट्ट आहे त्यावरून मुख्याध्यापक कळतो. आधी आठवड्याला अंडं होतं, त्याचे पैसे सरकारने २०२५ च्या जानेवारीत बंद केले. आमच्या इथे आता गावातला पोल्ट्रीवाला बुधवारी ट्रे पाठवतो, पोरीच्या नावाने.

संडास बघा. कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते विचारा. पोरींच्या संडासला आतून कडी आहे का ते हाताने लावून बघा. आमच्याकडे सहा महिने नव्हती, माझी पोरगी घरी येईपर्यंत पाणी प्यायची नाही. मला ते तिसऱ्या महिन्यात कळलं. समितीत असून.

आणि एक सांगतो, राग मानू नका. सोसायटीतले लोक शाळा बघायला येतात ना, ते वर्ग बघत नाहीत. पोरं बघतात. कुणाची आहेत ते.

एकशे_एक

मग त्यात चूक काय आहे? संगत महत्त्वाची नाही का?

चाकाचा_माणूस

चूक नाही म्हणालो. पण तसं सरळ म्हणावं. 'क्वालिटी' म्हणू नये.

निवृत्त_बाई

कडीचा मुद्दा माझ्या यादीत पहिला असायला हवा होता.

रानजाई

जाऊन आले. आज मंगळवार मुद्दाम निवडला, शनिवारी सकाळची शाळा असते. फोन करून गेले होते, त्यामुळे थोडी तयारी केलेली असणार हे धरूनच बघितलं.

पट ११२. कायद्याने चार शिक्षक, मंजूर चार, हजर तीन. एक पद दीड वर्ष रिकामं आहे. पहिली-दुसरी एकत्र, तिसरी-चौथी एकत्र, पाचवी मुख्याध्यापक सरांकडे. सर दोनदा बाहेर गेले, एकदा आहाराची माहिती भरायला आणि एकदा कुणीतरी कसला तरी फोटो लगेच मागितला म्हणून. तेवढा वेळ पाचवीने स्वतःच गणितं सोडवली. एक मुलगी फळ्याशी उभी राहून मॉनिटरगिरी करत होती, सरांपेक्षा कडक.

दुसरीच्या मागच्या रांगेत एक मुलगा होता. वडील आमच्याच टप्पा दोनच्या बांधकामावर आहेत. नाव लिहीत नाही. घर बिदरकडचं, घरी कानडी. त्याला 'न शिकवलेला' धडा दिला. तो 'पाऊस' वाचला, 'चिखल' वाचला, 'घसरला'वर अडकला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी मला हातानेच थांबवलं. अख्खा वर्ग थांबला. बाहेर मिक्सर चालू होता त्याचा आवाज तेवढा. त्याने 'घ', 'घस', 'घसर' करत तो शब्द चढला आणि मग माझ्याकडे बघितलं, बाईंकडे नाही. मला अक्षरशः काय करावं सुचेना. मी टाळी वाजवली, ती जरा जोरातच वाजली.

गणितात ५२ मधून १७ दिले. ज्या मुलीला विचारलं ती म्हणाली, "पन्नास दोनातून दहा सात." उत्तर बरोबर.

खिचडी बरी होती, मीठ कमी. संडासला कडी आहे, लावून पाहिली. पाणी मात्र बादलीने आणून ठेवतात, मोटर जळली आहे. स्मार्ट टीव्ही आहे, त्यावर क्रोशाचं कव्हर. पुस्तकांची पेटी उघडी होती आणि पुस्तकं मळकी, हे मला सगळ्यात आवडलं.

समितीचं इतिवृत्त मागितलं तर सर जरा बिचकले, पण दिलं. सह्या वेगवेगळ्या पेनांच्या. विषयांत मोटर तीन वेळा.

शेवगा

"पन्नास दोन" 😀 आता इथे युद्ध होणार.

एकशे_एक

होणारच! बावन्न म्हणता येत नाही आणि म्हणे उत्तर बरोबर. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात हे 'पन्नास दोन' सुरू केलं तेव्हाच सांगत होतो.

निवृत्त_बाई

दोन्ही वाचनं पुस्तकात होती, 'बावन्न' काढून टाकलेलं नव्हतं. आणि एकोणसाठ लिहायला सांगितलं की एकोणसत्तर लिहिणारी मुलं मी ३४ वर्षं बघितली. पन्नास दोन म्हणणाऱ्या मुलाला दशक-एकक दिसतो. बावन्न ती आजीकडून शिकेल. असो, यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

रानजाई, तुम्ही चांगलं पाहिलंत. मला त्या हाताने थांबवणाऱ्या बाई महत्त्वाच्या वाटतात. त्यांची बदली?

रानजाई

विचारलं. इथे त्यांना दोन वर्षं झाली आहेत. त्या हसून म्हणाल्या, "मी जायला टपलेली नाही, पण लिहून देता येत नाही."

बाई, एक शंका. सर म्हणाले, पट १२१ झाला की पाचवा शिक्षक मागता येईल, तुमच्या सोसायटीतली नऊ मुलं द्या. हे खरंच असं असतं का?

निवृत्त_बाई

कायद्याच्या परिशिष्टात तसंच आहे. व्यवहारात नाही. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याच्या) शासन निर्णयानंतर नवं पद मिळायला त्याहून जास्त मुलं लागतात. शिक्षक संघटना त्यावरच चिडल्या. शिवाय ज्या मुलांचं आधार जुळतं तीच मोजतात. तुमच्या त्या बिदरच्या मुलाचं आधार जुळलंय का, हे सरांना विचारा. वर्गात बसतो, वाचतो, खिचडी खातो, पण शिक्षक मोजताना तो नसतो, असं होऊ शकतं. आणि आहे तेच चौथं पद रिकामं असताना पाचवं मंजूर होऊन ते भरणार कोण? सर भाबडे नाहीत, आशेवर आहेत. मीही असंच सांगायचे पालकांना.

चाकाचा_माणूस

नऊ पोरांनी शिक्षक नाही येणार, पण मोटर येईल. सोसायटीवाले समितीत बसले की गटशिक्षणाधिकारी फोन उचलतात. आमचा नाही उचलत. हे वाईट आहे पण आहे.

वरळीकर_जुना

यात एक धोका आहे बरं का. सोसायटीवाले आले की पहिल्या वर्षी मोटर, दुसऱ्या वर्षी गॅदरिंगचं भाडं, तिसऱ्या वर्षी 'इंग्रजी माध्यमच करा'. मग तो कानडी मुलगा कुठे जाणार? मी माझ्या वॉर्डात हे पाहिलंय.

गोदाकाठ

रानजाई, इंग्रजीचं काय ठरवलंत? माझं घोडं तिथेच अडलंय.

रानजाई

खरं सांगू, माझंही. सेमी म्हणजे बाई "टेक अवे" म्हणतात आणि पुढचं सगळं मराठीत समजावतात. समजावणं उत्तम आहे, इंग्रजी बोलणं होत नाही. ते घरी करावं लागेल. मी आणि नवरा दोघंही दिवसभर कॉलवर इंग्रजीच बोलतो, पण लेकीशी संध्याकाळी ते करवत नाही. कृत्रिम वाटतं. त्यावर अजून उत्तर नाही. आणि पाचवीनंतर पुढे काय, तेही नाही. जवळची सहावी-सातवीची शाळा अडीच किलोमीटरवर, रस्त्याला पदपथ नाही.

एकशे_एक

बघा. मीच म्हणत होतो.

रानजाई

तुम्ही म्हणत होता ते सगळंच चूक नव्हतं.

आजचं सांगते. शाळेत पूर्वतयारी मेळावा होता. अंगणात सात टेबलं मांडलेली, नावनोंदणीपासून सुरू. उड्या मारा, मणी ओवा, चित्र बघून बोला, लहान-मोठं लावा, असं एकेक करत मुलं पुढे सरकतात आणि शेवटच्या टेबलावर आयांना सांगतात की घरी काय करून घ्यायचं. सासूबाईंना मुद्दाम नेलं. त्या आधी फाटकाशीच उभ्या होत्या. मग मण्यांच्या टेबलाशी बसलेल्या ताईंना सुईत दोरा ओवता येईना, तर यांनी चष्मा लावून ओवून दिला आणि तिथेच बसल्या. तासभर. घरी येताना म्हणाल्या, "त्या पोरीला बाराखडी येते, आपलीला येत नाही." कुठल्या पोरीला ते विचारलं नाही.

लेक चित्राच्या टेबलावर काही बोललीच नाही. इंग्रजीतून उत्तर द्यायचं की मराठीतून ते तिला कळेना, अशी बघत राहिली. बाई म्हणाल्या, "दे की कुठल्याही." तर म्हणाली, "बैलगाडी."

नाव घातलंय. सरांनी दाखल रजिस्टरात शाईच्या पेनाने लिहिलं, मी आधारची झेरॉक्स दिली, फीचं काही नव्हतंच. दुसरीपर्यंत बघू, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तोवर त्या बाई राहिल्या तर बरं. त्या मुलाच्या आधारचं विचारलं. आडनावाचं स्पेलिंग जुळत नाहीये. शनिवारी त्याच्या वडलांना घेऊन केंद्रावर जाणार आहे, ते रविवारीच सुट्टी घेतात पण केंद्र रविवारी बंद.

व्हॅनवाल्या काकांना सांगायचं राहिलंय. जूनची जागा त्यांनी धरून ठेवली होती.